मोठेपणीचे पोहणे

मोठेपणी चांगले पोहणे साधत नाही, असे पुष्कळांस वाटते. मला ते मान्य नाही. आमच्या पिढीतील कित्येकांनी पाठीस सुका भोपळा बांधून विहिरीत हातपाय मारले. मान वर ठेवण्याची सवय तेथलीच. पालथे पडून आळीपाळीने हात टाकण्याच्या क्रॉल पद्धतीत तीच नडते. मस्तक उचलले, की पाय खाली जातात. आणि पाणी हवेहून सुमारे ८०० पट घन, ते वाट अडविते. तेथे दंडातील बळ काय कामाचे? श्वास पाण्यातच सोडावयाचा व मान बाजूस वळवून नवा घ्यावयाचा, हे खरे मर्म. भ्यालेला मनुष्य नेमका श्वासच कोंडून धरतो! म्हणून, मुलांनो, एखादे आजोबा तलावाच्या काठास धरून नुसते बुडबुडे सोडताना दिसले, तर हसू नका. ते क्रॉलची मुळाक्षरे गिरवीत असतात.