विचारवंत आणि विचारी

‘विचारवंत’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे, अशी माझी तक्रार आहे. व्यासपीठावर कोणी दोन तास बोलला की झाला विचारवंत! मग घरी बायको दुपारी जेवली की नाही, हे त्याने जन्मात विचारलेले नसले तरी चालते.

आपली भाषा मात्र याहून शहाणी. ‘विचार’ करणे आणि दुसऱ्याला ‘विचारणे’ ही दोन्ही कामे तिने एकाच शब्दावर सोपविली. त्याला ‘पुसणे’ जोडून ‘विचारपूस’ घडविली. आणि पुसणे म्हणजे प्रश्न करणे, तसेच डोळे पुसणेही!

कोणी म्हणेल, थोरांनी जगाची चिंता करावी की घरची? पण जोतीराव फुल्यांनी विधवांच्या दुःखावर नुसती भाषणे केली नाहीत. १८६३ साली पुण्यात त्यांच्यासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सावित्रीबाईंनी तेथे बाळंतपणे सांभाळली. हे दोघे विचारवंत खरेच, पण आधी विचारी.

म्हणून वाचकहो, फराळाच्या ताटावर जगाचे प्रश्न जरूर सोडवा. तत्पूर्वी, पहाटेपासून चुलीशी उभी असलेली ती बसली का, एवढे विचारा. आणि विचारून थांबू नका. उठून तिला जागा द्या.