स्टाइलशीटचे बिऱ्हाड

साहित्याच्या अभ्यासकांनी संगणकाच्या आज्ञावली कोठे नांदतात याची उठाठेव का करावी, असे कोणी आम्हांस विचारील. परंतु जुन्या संहितेची चिकित्सक आवृत्ती संगणकावर सिद्ध करायची, तर खोडलेला शब्द कसा दाखवावा, पाठभेद तळटीपेत जावा की समासात, हे ठरवणारी नियमावली लागते. तिलाच स्टाइलशीट म्हणतात. तिच्यात केलेला बदल हा संपादकीय निर्णयच असतो.

'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' (टीईआय) हा प्रकल्प १९८७ पासून संहितांच्या अंकनाची पद्धती घडवीत आला आहे. एकाच अंकित संहितेपासून वेबपान, ई-पुस्तक आणि छपाईची प्रत काढून देणाऱ्या त्याच्या स्टाइलशीट प्रामुख्याने ऑक्सफर्डच्या सेबास्टियन राट्झ यांनी रचल्या. राट्झ २०१६ साली निवर्तले. काम मात्र थांबले नाही, कारण ते मुक्त परवान्याखाली, सर्वांना खुल्या अशा ठिकाणी होते. प्रकल्पाचे हे बिऱ्हाड आधी सोर्सफोर्जवर होते, पुढे गिटहबवर गेले.

या स्थलांतराच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. जेथे वर्दळ असते तेथे मदतीचे हातही मिळतात. आडवाटेच्या घरी दुरुस्ती सुचवायला कोण येणार? हे आम्हांस मान्य आहे. पण अशी घरे भाड्याची असतात, याचा विसर पडू नये. गूगल कोड २०१६ साली बंद झाले. गिटहब २०१८ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. तेथील मालक आणि त्याची धोरणे बदलली, तर भाडेकरूंचे मत कोणी विचारत नाही.

यावर तंत्रज्ञ म्हणतील, 'गिट'च्या प्रत्येक पूर्ण प्रतीत सारा इतिहास असतोच. हे खरे, पण तो फक्त फाइलींतील बदलांचा इतिहास. एखादा नियम का बदलला, कोणी हरकत घेतली, कोणता पर्याय नाकारला, ही चर्चा गिटच्या बाहेर, त्या संकेतस्थळाच्या दप्तरात असते. ती स्वतंत्र खटपट करून उतरवून घ्यावी लागते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हांस हीच बाब सर्वांत गंभीर वाटते. स्वीकारलेला पाठ हाती आहे आणि तो स्वीकारण्याची कारणे हरवली आहेत, अशा आवृत्तीला आपण चिकित्सक म्हणू का?

म्हणून आमचे मत असे: वर्दळीच्या ठिकाणी खुशाल राहावे, मात्र प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाची कारणे साध्या मजकुरात त्या नियमावलीशेजारीच नोंदवावीत आणि संपूर्ण संग्रहाची एक प्रत अन्यत्र ठेवावी. घर निवडताना सोयी सगळेच पाहतात. ते सोडावे लागले तर सोबत काय नेता येईल, हेही त्याच वेळी विचारलेले बरे.