तिच्या पाठीकडे कोणी पाहायचे?

प्रति,
शालेय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि क्रीडा या खात्यांचे मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य



तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी लिहिली असती, तर ‘सदर विषय या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरली असती. हे मी आपल्याला सांगायला नको.

माझी मुलगी आठवीत आहे. खो-खो खेळते. खरे तर, खेळायची. गेल्या जूनमध्ये गणवेशाचे माप घेताना टेलरकाकूंची टेप मध्येच थांबली. “हिचा डावा खांदा असा खाली का? मागच्या वर्षीचा कुर्ताही एका अंगाने लोंबत होता.” आठवडाभराने एक्स-रे हातात आला. कणा ३१ अंशांनी उजवीकडे वळलेला. याला स्कोलिओसिस म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

आपल्याला ते आधीपासून ठाऊक असणार. दहा ते सोळा वर्षांच्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांच्या कण्याला असे दहा अंशांहून जास्त वळण असते. बहुतेकांत कारण सापडत नाही. दप्तराने होत नाही, मोबाईलवर वाकून बसल्यानेही नाही, मात्र नातेवाईक दोन्ही कारणे छातीठोकपणे सांगतात. मुलींमध्ये वळण वाढत जाण्याचा धोका जास्त, आणि तोही नेमका उंची झपाट्याने वाढते त्या वर्षा-दोन वर्षांत. वाढ शिल्लक असताना, साधारण २५ ते ४० अंशांपर्यंत, पाठीला लावायच्या बेल्टचा (ब्रेसचा) उपयोग होतो. ४५-५०च्या पुढे गेले की डॉक्टर शस्त्रक्रियेबद्दल बोलू लागतात. म्हणजे सगळा खेळ वेळेत लक्षात येण्याचा आहे.

मग ते वेळेत लक्षात आणून द्यायचे कोणी? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या प्रत्येक मुलाची अठरा वर्षांपर्यंत दरवर्षी तपासणी होईल, दोष लवकर सापडेल, असे तेव्हा सांगितले गेले. देशभरासाठी ३० विकारांची यादी ठरली. त्यात जन्मतः वाकडे असलेले पाऊल आहे, खुब्याचा सांधा आहे, दात आहेत, कान आहेत. वाढत्या वयात वाकणारा कणा नाही. तपासणीला येणाऱ्या पथकांना मी दोष देत नाही. जे यादीत नाही, ते त्यांनी का शोधावे? यादी करणाऱ्यांना मात्र विचारावेसे वाटते, की अठरा वर्षांपर्यंतची मुले डोळ्यांसमोर ठेवताना त्यांची पाठ कशी नजरेतून सुटली?

ही तपासणी महाग असती तर मी गप्प बसलो असतो. मुलाने पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून पुढे वाकायचे आणि मोठ्या माणसाने मागून पाहायचे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर उचललेली दिसली, तर डॉक्टरकडे पाठवायचे. ॲडम्स नावाच्या इंग्रज शल्यविशारदाची ही दीडशे वर्षांपूर्वीची रीत. अर्धे मिनिट पुरते. आणि महोदय, आमची मुले तशी वाकतातच! सूर्यनमस्कारातले हस्तपादासन म्हणजे दुसरे काय? रथसप्तमीला शेकडो मुले मैदानावर एका तालात वाकतात. फोटो समोरून निघतात. फिटनेस चाचणीत मुले पाय पसरून पुढे वाकतात, तेव्हा बोटे किती सेंटीमीटर पुढे गेली ते मोजले जाते. माझ्या मुलीला त्यात चांगले गुण होते. तिची बोटे कुठवर पोचतात हे शाळेला माहीत होते. पाठीचे टेलरकाकूंना कळले.

‘अशी सरसकट तपासणी करावी, याला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ साली म्हटले आहे,’ असे आपले सल्लागार आपल्याला सांगतील. खरे आहे. त्याच मंडळाने बेल्टमुळे वळण वाढण्याला आळा बसू शकतो, हेही म्हटले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बेल्ट वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचे वळण शस्त्रक्रियेच्या टप्प्याआधी थांबले. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जिथे हाडांचा डॉक्टर गाठायला एसटीने अर्धा दिवस जातो, तिथे शाळेने नाही पाहिले तर दुसरे कोण पाहणार?

आता खेळाचे. बेल्ट मिळाला त्या दिवशी मुलीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “खो-खो?” डॉक्टर म्हणाले, “खेळ की. बेल्ट काढायचा, खेळायचे, घाम पुसायचा, कोरडी बनियन घालून पुन्हा बेल्ट लावायचा.” अशा मुलांनी खेळत राहावे, हाच जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. खेळाने वळण सरळ होत नाही, पण खेळल्यामुळे ते वाढते असेही नाही. रात्री झोपमोड करणारे दुखणे, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, जन्मतःच मणक्यांत दोष, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अशा वेळी सबुरी हवी आणि ते त्या-त्या डॉक्टरने ठरवावे. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे, हे त्याने स्वतःच सांगितले आहे.

शाळेने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि माझ्यापुढे हमीपत्र ठेवले. काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. मी सही केली. तरी पी.टी.चे सर म्हणाले, “साहेब, उद्या पडली तर माझ्यावर येईल. मला वरून लेखी काहीच नाही.” सर वाईट नाहीत. खांबावर सूर मारायला तिला त्यांनीच शिकवले. आता ती कडुनिंबाखाली मैत्रिणींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसते. कधी गुण लिहायला मिळतात. मोकळ्या केसांनी पाठ झाकायची सवय तिला तिथेच लागली.

शारीरिक शिक्षकाला ‘वरून लेखी’ काही का मिळू नये? असा एखादा शासन निर्णय असेल, तर तो आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत का पोचला नाही? दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा आदेश २०१५ मध्ये निघाला. आजही माझ्या मुलीचे दप्तर मी उचलतो, तेव्हा तो आदेश मला आठवतो. दिव्यांग मुलांना शाळेत बरोबरीने खेळू द्या, असे २०१६ च्या कायद्याचे कलम १६ सांगते. माझी मुलगी दिव्यांगांत मोडत नाही आणि शाळेच्या लेखी धडधाकटही नाही. तिच्यासाठी कोणते कलम?

मागणे फार नाही. पाचवी ते दहावीच्या मुलांची पाठ वर्षातून एकदा पाहावी, मुलींची बाईंनी आणि आडोशाला. कोणते खेळ चालतील हे डॉक्टरांनी लिहून द्यायचा एक छापील नमुना असावा आणि तो मिळाला की शाळेने खेळू द्यावे, हमीपत्राचा अडसर न घालता. बेल्ट काढा-घालायला कडी लागणारे दार असलेली एक खोली असावी. यातल्या कशासाठी निधी नाही, हे ऐकायला मला आवडेल.

येत्या रथसप्तमीला आपल्याला कुठल्या ना कुठल्या शाळेचे निमंत्रण येईलच. जरूर जावे. फक्त मंचावर बसू नये. मुले हस्तपादासनात वाकतील तेव्हा रांगेच्या मागे जाऊन उभे राहावे.

आपला,
आठवीतल्या एका खो-खोपटूचा बाप