व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट कोर्टात का अडकतो?

घरमालक डिपॉझिट परत देत नाही. 'पुढच्या महिन्यात नक्की देतो' हा त्याचाच मेसेज तुमच्या फोनवर आहे. तुम्ही स्क्रीनशॉट काढता, प्रिंट घेऊन वकिलाकडे जाता. वकील आधी विचारतो, 'सर्टिफिकेट कुठंय?'

१८७२ च्या पुरावा कायद्यात २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर कलम ६५ब घातले गेले. कॉम्प्युटरमधून निघालेली प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून आणि कशी निघाली याचे प्रमाणपत्र हवे, असे हे कलम सांगत होते. त्याची भाषा बरीचशी ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यावरून घेतलेली. गंमत म्हणजे ब्रिटनने ती तरतूद १९९५ मध्येच मोडीत काढली होती!

मग हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे का? सर्वोच्च न्यायालय २०१४ मध्ये 'हो' म्हणाले, २०१८ मध्ये सूट दिली आणि २०२० मध्ये पुन्हा 'हो' म्हणाले. हा शेवटचा निकाल आपल्या जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर दाखल झाला, अशी कैलास गोरंट्याल यांची तक्रार होती. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण. पण वारंवार मागूनही सरकारी यंत्रणेने प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले १४ जुलै २०२० रोजी. तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती.

या निकालाने दोन वाटा मोकळ्या केल्या. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि सगळे प्रयत्न करूनही तो प्रमाणपत्र देत नसेल, तर त्याचा फटका तुम्हाला बसू नये. आणि मूळ फोनच घेऊन मालक साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. व्हिडिओतला एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना मनापासून पटते.

पण नमुन्यात हॅशच्या पद्धतींची नावे छापली आहेत, त्यात एमडी५ आणि एसएचए१ आहेत. एमडी५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा ठसा एकच येऊ शकतो, हे २००४ मध्ये दाखवले गेले. एसएचए१ बाबत २०१७ मध्ये. आम्हाला कॉलेजात एमडी५ शिकवले ते 'हे वापरू नका' याचे उदाहरण म्हणून. म्हणून तुमचा जुना व्हिडिओ उद्या कोणी बदलेल असे नाही. यादीत एसएचए२५६ आणि 'इतर' हे पर्यायही आहेत. पण २०२३ मध्ये लिहिलेल्या कायद्यात ही नावे आलीच कशी? कायद्याने 'फाइल बदललेली नाही हे सिद्ध करा' एवढेच सांगावे आणि पद्धतींची यादी नियमांत ठेवावी, असे माझे मत. नियम अधिसूचना काढून बदलता येतात, कायद्यासाठी संसदेत जावे लागते.

त्याहून मोठी अडचण त्या दुसऱ्या भागाची. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, हे कलम ६३ वाचून कळत नाही. मोठी कंपनी फॉरेन्सिक लॅब गाठेल. वीस हजारांच्या डिपॉझिटसाठी भांडणाऱ्या भाडेकरूने कुठे जायचे? प्रत्येक जिल्हा न्यायालयात ठरलेल्या माफक फीमध्ये हे काम करणारी एक खिडकी हवी.

तोवर एवढे करा. ते चॅट डिलीट करू नका, 'डिसअपिअरिंग मेसेज' चालू असेल तर बंद करा. आणि दिवाळी सेलमध्ये नवा फोन घेतलात, तरी जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका.