चालले आहे म्हणजे काय?

ऋण काढून सण साजरा करणाऱ्यास आपण नावे ठेवतो. परंतु ऋण काढून उद्योगास लागणाऱ्याचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. उद्योगासाठी काढलेले कर्ज उद्योगच फेडतो, असा आपला वाडवडिलांपासूनचा अनुभव. मात्र ज्या उद्योगात दर दुसऱ्याने ठरवावा, गिऱ्हाईक दुसऱ्याने धाडावे आणि कर्ज तेवढे आपल्या नावावर असावे, तो उद्योग या अनुभवात बसतो काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

निमित्त असे घडले. गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर लोंढ्याच्या एका गृहस्थांनी आम्हांस आपल्या घरी नेले. उभा जन्म रेल्वेच्या चाकरीत गेलेला. आता निवृत्तिवेतनावर संसार चालतो. थोरला मुलगा पुण्यात मोबाइलवरून मागविल्या जाणाऱ्या भाड्याच्या मोटारीवर आहे. मोटार त्याच्या स्वतःच्या नावावर, कर्जाने घेतलेली. धाकटा बारावी होऊन घरी बसला आहे. त्यालाही मोटार घ्यावयाची आहे. बँकेकडे आरंभी भरावयाच्या रकमेसाठी खानापूरच्या बाजूचे एकरभर शेत विकावे काय, एवढाच प्रश्न होता.

“थोरल्याचे चालले आहे, मास्तर,” गृहस्थ म्हणाले, “मग धाकट्याचे का चालू नये?”

इतका वेळ चहा करीत असलेली त्यांची पत्नी दारात येऊन म्हणाली, “दोन नाताळ झाले, तो घरी आला नाही. सणाच्या दिवसांत भाडे बरे मिळते म्हणतो. चालले आहे म्हणजे काय, तेवढे एकदा विचारा.”

प्रश्न रास्त होता. थोरल्याला तेथूनच दूरध्वनी लावला आणि तो सांगेल तसे आकडे वडिलांनीच वहीत मांडले. आठ लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत, दहा टक्के व्याज. महिन्याचा हप्ता सुमारे 17,000 रुपये. महिन्याचे 26 दिवस काम धरले तर दिवसाला 654. दिवसभरात मोटार 150 किलोमीटर धावते. परंतु प्रवासी असतो तो केवळ 100 किलोमीटर. उरलेले 50 रिकामे, पुढील भाड्याच्या शोधात. कंपनीचा वाटा जाऊन हाती किलोमीटरला 12 रुपये येतात, म्हणजे 1,200. गॅस सहा किलो, 80 रुपयांप्रमाणे 480. हप्ता आणि गॅस वजा जाता राहिले 66 रुपये. विमा, टायर, दुरुस्ती, खोलीभाडे आणि दोन वेळचे जेवण या 66 रुपयांतून व्हावयाचे. ते होत नाही, म्हणून बारा तासांचे चौदा तास होतात आणि रविवारही जातो. वडिलांनी बेरीज दोनदा तपासली. ती चुकलेली नव्हती.

हे एकाच मुलाचे दुर्दैव असते तर आम्ही येथे लिहिले नसते. 2025 च्या जुलैत मुंबईत व पुण्यात अशा चालकांनी संप केला, तेव्हा सर्व खर्च जाता किलोमीटरला आठ ते बारा रुपयेच पदरी पडतात, हीच त्यांची तक्रार होती. पुण्यात तर 2024 च्या जानेवारीत परिवहन प्राधिकरणाने अशा मोटारींना पहिल्या दीड किलोमीटरला 37 व पुढे प्रत्येक किलोमीटरला 25 रुपये दर ठरवून दिला होता. परंतु कागदावरचा दर मोबाइलच्या पडद्यावर उतरेना. त्यानंतर 2025 च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने किलोमीटरला 22 रुपये 72 पैसे हा दर सांगितला, आणि भाड्यापैकी किमान 80 टक्के चालकास मिळावे असे धोरण ठेवले. तेवढे जरी खरोखर मिळाले, तरी वरच्याच हिशेबात 66 च्या जागी सुमारे 680 रुपये उरतात. वैभव नव्हे, परंतु माणसाला घरी येऊन जेवता येईल.

मग दर इतका खाली का गेला? आरंभी तो असा नव्हता. सुमारे दहा वर्षांपूर्वी या कंपन्या शहरांत पाय रोवीत होत्या, तेव्हा चालकांना भरघोस बक्षिसे मिळत. त्या वार्ता गावोगाव पोहोचल्या आणि घरोघरी कर्जे निघाली. मोटारी पुरेशा झाल्या, तशी बक्षिसे आटली. 2017 च्या फेब्रुवारीत बंगळूर व दिल्ली येथे, आणि 2018 च्या ऑक्टोबरात मुंबईत, जे संप झाले त्यांचे मूळ येथे आहे.

यातील मर्म नीट ध्यानात घ्यावे. रस्त्यावर मोटारी जितक्या अधिक, तितकी प्रवाशास ती लवकर मिळते आणि कंपनीचा लौकिक वाढतो. रिकाम्या उभ्या मोटारीचा हप्ता कंपनीस भरावा लागत नाही. तो चालक भरतो. म्हणून “आता पुरे, आणखी चालक नकोत” असे म्हणण्याचे कंपनीस कारणच उरत नाही. भाडी तेवढीच आणि वाटेकरी दुप्पट झाले, तर प्रत्येकाच्या पानात अर्धीच भाकर पडावयाची.

लोंढेकरांना हे सांगण्यास दूरचे उदाहरण नको. आपले गाव रेल्वेच्या फाट्यावर वसलेले. येथून एक वाट मिरजेस, एक हुबळीस, एक घाट उतरून वास्कोला जाते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की गाड्या तासन्‌तास अडकत. पण गाडी आली नाही म्हणून पॉइंट्समनचा पगार कापला गेला नाही. तो कंदील घेऊन उभा राहिला, हेच त्याचे काम धरले गेले. वाट पाहणे हाही कामाचा भाग आहे, हे रेल्वेला कळत होते. नव्या धंद्याने नेमका तोच भाग मजुरीतून वगळला आहे.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला वाचकांना ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत चौकात उभे राहिलेले ते मजूर आळशी नव्हते; त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. मालकाने त्यांनाही दिवसाचे नाणे दिले, कारण पोट दिवसाचे असते, तासाचे नसते. 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात हाच न्याय मांडला: काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतके वेतन त्यास मिळालेच पाहिजे, केवळ गरजेपोटी त्याने कमी वेतनास रुकार दिला, म्हणून ते न्याय्य ठरत नाही. 2025 साली निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी हे नाव धारण करताना त्याच परिपत्रकाचे स्मरण केले, ते उगीच नव्हे.

न्यायाचा मार्ग अव्यवहार्य आहे असेही कोणी म्हणू नये. न्यूयॉर्क शहराने 2018 साली अशा मोटारींच्या नव्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि 2019 पासून चालकाचे किमान वेतन ठरविताना त्याचा रिकामा वेळही हिशेबात धरला. आपल्या कर्नाटकाने 2025 साली या कामगारांसाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारामागे एक ते पाच टक्के कल्याणशुल्क, कल्याण मंडळ, आणि कामावरून दूर करण्यापूर्वी कारणासह 14 दिवसांची सूचना, अशा त्यात तरतुदी आहेत. बंगळूरला असलेल्या मुलांनी आपली नोंदणी झाली आहे की नाही, हे अवश्य पाहावे. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिताही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ही सारी आजारपणाची व म्हातारपणाची सोय होय. परंतु रोजच्या मजुरीचा आणि मोटारींच्या संख्येचा प्रश्न तिने सुटत नाही.

तोवर कुटुंबांनी काय करावे? मुलास परावृत्त करावे असे आमचे म्हणणे नाही. मोटार चालविणे हे प्रामाणिक कष्टाचे काम आहे. परंतु शेत विकण्यापूर्वी त्याने वर्षभर दुसऱ्याच्या मोटारीवर, पगारावर काम करून पाहावे. रिकामे किलोमीटर मोजावेत. हप्ता, गॅस आणि विमा जाता काय राहते, ते रोज वहीत लिहावे. आणि जे आधी गेले आहेत त्यांनी, घरी काळजी नको म्हणून, “चालले आहे” एवढेच सांगू नये. त्या दोन शब्दांवर विसंबून धाकटा भाऊ कर्ज काढीत असतो.

त्या दिवशी शेताचा निर्णय झाला नाही. वडिलांनी वहीचे पान फाडून प्रार्थनापुस्तकात ठेवले. धाकटा काही बोलला नाही, परंतु ते पान त्याने काढून पुन्हा एकदा वाचले. आईने मात्र दूरध्वनी हाती घेऊन थोरल्यास सांगितले, “या नाताळला ये. दोन दिवसांचे 132 रुपये मी देते.”