टाकीतला पैसा पुलापर्यंत पोचू द्या

15 जून 2025 च्या रविवारी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. आज त्या दिवसाची आठवण काढताना केवळ शोक व्यक्त करून थांबणे आम्हाला पटत नाही. पावसाळा तोंडावर आला की जुन्या पुलांची चर्चा सुरू होते, दुरुस्तीला निधी नाही असे सांगितले जाते आणि मग एक जुना उपाय पुढे येतो: इंधनावरचा कर वाढवा.

हा उपाय मूळचा एका मराठी माणसाचा आहे. 1927 मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1929 मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वाढीव दोन आणे फक्त रस्त्यांसाठी वेगळे काढले गेले. केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला तो असा. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या नावाचे ग्रंथालय आमच्या दापोडीहून मुळा ओलांडली की जवळच, गणेशखिंडीत आहे. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्यासाठी द्यावे आणि दिलेले रस्त्यावरच खर्च व्हावे, ही त्यांची भूमिका आम्हाला आजही पूर्ण मान्य आहे.

अडचण आहे ती या भूमिकेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. 2018 मध्ये या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ जोडल्या गेल्या आणि रस्त्यांबरोबर रेल्वे, बंदरे, अगदी रुग्णालयांपर्यंतची कामे त्याच्या कक्षेत आली. ती कामे आवश्यकच आहेत, पण त्यांच्यात कुंडमळ्यासारखा छोटा पूल सगळ्यात शेवटी उभा राहतो. शिवाय या निधीसाठी इंधनावर घेतल्या जाणाऱ्या उपकराची रक्कम राज्यांना वाटून द्यायच्या करांत धरली जात नाही. राज्याचाही अनुभव वेगळा नाही. ऑक्टोबर 2015 पासून दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये अधिभार लागला. दुष्काळ सरला तरी तो उतरला नाही. लोकांचा विश्वास उडाला आहे तो अशा अनुभवांमुळे.

कोण किती देतो, हेही पाहायला हवे. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, हे अमेरिकेत 1950 च्या दशकाअखेरीस झालेल्या चाचण्यांपासून अभियंते जाणतात. मे 2022 मध्ये केंद्राने रस्ते उपकर कमी केला तेव्हा तो पेट्रोलवर लिटरला 5 रुपये आणि डिझेलवर 2 रुपये ठरला. म्हणजे दापोडीहून हॅरिस पुलावरून दुचाकीने कामाला जाणारा कामगार लिटरमागे अधिक देतो आणि चाकणहून माल भरून निघालेला कंटेनर कमी. डिझेल महागले की भाजी आणि एसटीचे भाडे दोन्ही चढतात, हे खरे. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा असलेल्या दापोडीला ते सांगायला नको. म्हणून सरसकट डिझेलवाढ आम्ही मागत नाही. अवजड वाहनांकडून त्यांच्या वजनाप्रमाणे घ्यावे. विजेवरची वाहने वाढतील तसे इंधनकराचे उत्पन्न आटत जाणार आहे, तेव्हा वजनाचा हा हिशेब आज ना उद्या करावाच लागेल.

2016 च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यासोबत प्रवाशांसह दोन एसटी गाड्या गेल्या. नवा पूल मात्र 165 दिवसांत उभा राहिला. पैसा होता, यंत्रणा होती, अभियंते होते. माणसे जाण्याआधी ते सगळे तिथे पोचले नाही.

आमदार-खासदारांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. इंधनावरच्या उपकरातला ठरावीक वाटा कायद्याने फक्त जुन्या पुलांच्या तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवा. प्रत्येक पुलाचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि त्यावर झालेला खर्च त्या त्या ग्रामपंचायतीत, महापालिकेत लोकांसमोर लावा. एवढे झाले आणि तरीही पैसा कमी पडला, तर करवाढीच्या बाजूने आम्ही याच स्तंभातून लिहू. तोवर इंधनावर एक पैसाही वाढवू नये.