भातसाच्या पाण्यावर आमची शिडे केव्हा?

गोव्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ २०११ साली केपटाउन ते रिओ या शर्यतीत अटलांटिक ओलांडून गेली. अशा नौकेवर पाळीपाळीने रात्रंदिवस शीड आणि सुकाणू सांभाळावे लागते. वारा कुणाची जात विचारत नाही. पण शिकायची सोय मात्र पैसेवाल्यांच्या क्लबात!

भातसा धरणासाठी गावे उठली, पाणी मुंबईला गेले, शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. आमची मुले जलाशय काठावरूनच पाहतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर मात्र गरीब वस्त्यांतील मुले शिडाची होडी शिकून राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. शिडाला डिझेल लागत नाही, तेव्हा पिण्याचे पाणी बिघडेल हा बहाणा नको. आदिवासी विकास व समाजकल्याण खात्यांनी भातसानगरात आश्रमशाळांच्या, वसतिगृहांच्या मुलामुलींसाठी दहा होड्या आणि एक प्रशिक्षक द्यावा, अशी आमची मागणी आहे.